हाताला कळणारा रस्ता

वार्षिकांकासाठी लेख द्यायचा तर तो एखाद्या कवीवर, कादंबरीवर किंवा गेला बाजार सहलीवर असावा, अशी आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे संगणकावरच्या मोटार-शर्यतीच्या खेळाला स्टिअरिंग कसे जोडावे, या विषयावर मी लिहिणार आहे असे कळताच संपादक मंडळातल्या माझ्या मैत्रिणीने माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. "हे कला महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन नव्हे," अशी तिने आठवणही करून दिली. परंतु हा विषय मला आधी वाटला होता तेवढा यंत्राचा निघाला नाही. तो स्पर्शाचा निघाला, आणि स्पर्श हा तर आम्हा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा अभ्यासविषय आहे. शिवाय या स्टिअरिंगपायी आमच्या घरात जे घडले ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. तेव्हा वाचकांनी थोडे सांभाळून घ्यावे.

आमचे घर चिपळूणचे. वडील, म्हणजे आमचे अण्णा, एस.टी.त चालक होते. आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे त्यांनी चिपळूण-कऱ्हाड रस्त्यावर, कुंभार्ली घाटात गाडी चढवण्या-उतरवण्यात घालवली. तीन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या तपासणीनंतर त्यांना चालकाच्या जागेवरून उतरावे लागले आणि ते डेपोतल्या दुसऱ्या कामावर गेले. त्यानंतर त्यांनी कोणतेच वाहन चालवले नाही आणि गाड्यांविषयी बोलणेही सोडले. माझ्या दादाला त्यांनी अठरावे लागताच एका स्नेह्याच्या जीपवर गाडी शिकवली होती. मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले, "तुला काय गरज आहे गं?" तिसऱ्यांदा मी विचारले नाही.

दादा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा संगणक माझ्याकडे आला. त्यावर 'असेत्तो कोर्सा' नावाचा खेळ होता. इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनी या मंडळींनी केलेला हा खेळ २०१४ साली पूर्ण स्वरूपात बाहेर आला. त्याच्या इटालियन नावाचा अर्थच 'शर्यतीसाठी केलेली जुळणी' असा आहे, हे मला पुढे कळले. कीबोर्डावर हा खेळ खेळणे म्हणजे बोटांनी नाक दाबून गाणे म्हणण्यासारखे आहे. कळ दाबली की चाक एकदम पूर्ण वळते, सोडली की एकदम सरळ होते. अधलेमधले काही नाही. म्हणून दोन वर्षांच्या शिकवण्यांतून साठवलेल्या पैशांतले चौदा हजार रुपये देऊन मी पुण्याच्या एका विद्यार्थ्याकडून लॉजिटेक जी-२९ हे स्टिअरिंग वापरलेले विकत घेतले. घरी आधी सांगितले नाही. खोके उघडल्यावर आई म्हणाली, "एवढ्यात शिलाई मशीन आले असते." अण्णा काहीच म्हणाले नाहीत. त्यांचे काहीच न म्हणणे हे आमच्या घरात सर्वांत जड बोलणे समजले जाते.

बलप्रतिसाद म्हणजे काय?

साध्या खेळण्यातल्या स्टिअरिंगला आत स्प्रिंग असते. ते वळवले की परत मध्यावर येते, एवढेच. रस्ता कोरडा असो की ओला, गाडी उभी असो की पळती, हाताला लागणारा जोर तोच. 'फोर्स फीडबॅक' असलेल्या स्टिअरिंगमध्ये स्प्रिंगच्या जागी विजेच्या मोटारी असतात. आपण किती वळवले हे संगणकाला कळते; संगणक त्यावरून पुढच्या चाकांवर काय बल येईल याचे गणित करतो आणि त्या बलाच्या प्रमाणात मोटारींना आज्ञा देतो. मोटारी आपल्या हाताविरुद्ध किंवा हाताबरोबर चक्र फिरवतात. म्हणजे येथे संभाषण दोन्ही बाजूंनी चालते. 'असेत्तो कोर्सा' हे गणित सेकंदाला तीनशेहून अधिक वेळा करतो. मराठीत याला 'बलप्रतिसाद' म्हणता येईल. पण बोलताना आपण सगळे फोर्स फीडबॅकच म्हणतो, म्हणून मीही दोन्ही शब्द वापरते.

या कल्पनेचा जन्म खेळात झाला नाही, ही गोष्ट मला विशेष वाटली. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थ हाताळायचे होते. माणसाने जाड भिंतीच्या अलीकडे उभे राहून पलीकडच्या यांत्रिक हाताने काम करायचे. परंतु पलीकडची वस्तू किती घट्ट धरली गेली आहे हे हाताला कळले नाही, तर काचेची बाटली फुटायला वेळ लागत नाही. रेमंड गोएर्ट्झ या अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून अशी यंत्रे बनवली, की पलीकडचा जोर अलीकडच्या मुठीत जाणवावा. पुढे १९५० च्या दशकात ही जोडणी विजेच्या मोटारींनी होऊ लागली. खेळांच्या दुनियेत अटारी कंपनीचे 'ग्रॅन ट्रॅक १०' हे यंत्र १९७४ साली स्टिअरिंग घेऊन आले, पण त्या स्टिअरिंगला वाचा नव्हती. पुढे अटारीच्याच नावाने आलेल्या १९८९ च्या 'हार्ड ड्रायव्हिन' या यंत्रात चक्र खेळणाऱ्याच्या हाताला प्रतिकार करू लागले. घरच्या संगणकांसाठी अशी चक्रे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आली. अणुप्रयोगशाळेतली युक्ती आमच्या माजघरातल्या टेबलापर्यंत येण्यास अशी सत्तर वर्षे लागली.

टायर हाताशी काय बोलतो?

आता मूळ मुद्दा. खऱ्या मोटारीत वळणावर हाताला जोर का लागतो? इस्पितळातल्या स्ट्रेचरची लहान चाके आठवा. ढकलले की ती चाके आपोआप मागे वळून सरळ रेषेत येतात, कारण चाक जमिनीला जिथे टेकते ती जागा त्याच्या वळण्याच्या आसाच्या मागे असते. मोटारीची पुढची चाकेही याच तत्त्वावर बसवलेली असतात. म्हणून वळण संपताना स्टिअरिंग सैल सोडले की ते स्वतःहून सरळ होऊ लागते.

यात टायरचीही भर पडते. वळताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग किंचित पिळवटतो, आणि रस्त्याचा आडवा रेटा त्या भागाच्या मध्यावर न लागता थोडा मागे लागतो. त्यामुळे चाक सरळ करणारा पीळ वाढतो. वळण तीव्र होत गेले की हा पीळही वाढत जातो. पण एका मर्यादेनंतर टायरचा मागचा भाग घसरू लागतो, रेट्याची जागा पुढे सरकते आणि पीळ कमी होतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की टायरची पकड पूर्ण संपण्याच्या आधीच हा पीळ उतरणीला लागतो. म्हणजे गाडी घसरण्याच्या क्षणभर आधी स्टिअरिंग हलके होते. हीच ती सूचना. डोळ्यांना अजून काही दिसलेले नसते, पण हाताला कळलेले असते.

स्नायू आणि कंडरा यांच्यातून मिळणाऱ्या या अंतर्गत जाणिवेला चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये 'प्रोप्रिओसेप्शन' हे नाव दिले. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे, त्यावर किती भार आहे हे आपल्याला समजते ते तिच्यामुळे. पाठ्यपुस्तकात हा परिच्छेद मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ मला टेबलाला बांधलेल्या एका चक्राने शिकवला, आणि तोही आधी चांगला त्रास देऊन.

जोडणी

प्रथम टेबलाविषयी. २०२१ च्या जुलैतल्या पुरात आमचे जुने लाकडी टेबल पाण्यात राहून फुगले. त्याची एक बाजू अजून वर उचललेली आहे. मी स्टिअरिंग आधी त्यालाच बसवले. चक्राच्या पायथ्याशी दोन क्लॅम्प असतात आणि ते वरून पिळून आवळायचे असतात. टेबलाची कड सपाट नसेल तर ते पकड घेत नाहीत. पहिल्याच वळणावर सगळे यंत्र माझ्या मांडीवर आले. मग दादाच्या खोलीतले लोखंडी टेबल खाली आणले आणि भिंतीला टेकवले. टेबल जितके हलेल तितका मोटारीचा जोर टेबल हलवण्यात वाया जातो, हाताला मिळत नाही. म्हणून सर्वांत आधी टेबल भक्कम हवे. बाकीच्या जुळणीचा विचार नंतर.

तीच गोष्ट पेडलांची. जी-२९ चे ब्रेकचे पेडल आतल्या रबराच्या ठोकळ्यामुळे कडक असते. गुळगुळीत फरशीवर ब्रेक दाबला की पेडलांची पेटी पुढे पळते आणि आपली खुर्ची मागे. पेटीच्या मागे लाकडी फळी टाकून ती फळी भिंतीला टेकवणे, आणि खुर्ची चाकांची नसणे, हे दोन उपाय पुरेसे होतात.

मग तारा. पेडलांची तार चक्राच्या पायथ्याला, पायथ्याची यूएसबी तार संगणकाला आणि अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला. मोटारींना लागणारी वीज यूएसबीतून येत नाही, अडॅप्टरमधून येते. वीज मिळताच चक्र स्वतःहून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरते आणि मध्यावर येऊन थांबते. ते आपली हद्द मोजत असते. त्या वेळी त्याला हात लावू नये, नाहीतर त्याचा मध्य चुकतो. आमच्याकडे हा प्रकार प्रथम झाला तेव्हा आई कणीक मळत होती. "अगं, हे आपोआप फिरतंय!" म्हणून ती पिठाच्या हातांनी धावत आली. त्यानंतर प्रत्येक पेडल एकदा तळापर्यंत दाबून सोडावे, म्हणजे त्याचीही हद्द संगणकाला कळते.

इथपर्यंत सर्व ठीक झाले. पुढच्या चार दिवसांत मी तीन चुका केल्या. लेखाचा उपयोग कोणाला व्हायचा असेल तर या चुकांचाच होईल.

पहिली चूक : मोठा आवाज

खेळात 'गेन' नावाची एक पट्टी असते. एकूण बल किती तीव्र असावे हे तिच्यावर ठरते. मी ती शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवली. चौदा हजार दिले आहेत, तर जोर कमी का घ्या? परिणाम असा झाला की प्रत्येक वळणावर चक्र सारखेच जड. दंड भरून आले, आणि गाडी मात्र प्रत्येक वेळी कोणतीही सूचना न देता सरळ गवतात. ज्याच्याकडून यंत्र घेतले त्याने फसवले, असा मी निष्कर्ष काढला.

अण्णा चार दिवस मागच्या खुर्चीवर वर्तमानपत्र घेऊन बसत. वाचत होते की पाहत होते, कळत नव्हते. पाचव्या संध्याकाळी मी पुन्हा गवतात गेले तेव्हा ते पेपराआडून म्हणाले, "घसरायच्या आधी हात हलका होतो. तुला कळलं नाही?"

"नाही कळलं, अण्णा. सगळं एकसारखंच जड आहे."

"मग तुझं यंत्र खोटं बोलतंय." आणि त्यांनी पान उलटले.

त्या एका वाक्याने मला शोधाची दिशा मिळाली. जी-२९ ची मोटार जास्तीत जास्त सुमारे २ न्यूटन-मीटर पीळ देते. चक्राचा व्यास साधारण अकरा इंच. म्हणजे चक्राच्या कडेला दीड किलो कांद्यांची पिशवी टांगली तर जेवढा ओढा लागेल तेवढाच. याहून अधिक ती देऊ शकत नाही. आता समजा, खेळाच्या गणिताने एका वळणावर क्रमाने १२०, १४० आणि ११० असा जोर मागितला आणि मोटारीची कमाल आहे १००. तर हाताला मिळते १००, १०० आणि १००. मधला चढ गेला, उतार गेला. ज्या उतारात 'आता घसरणार' ही सूचना होती तोच नेमका कापला गेला. याला 'क्लिपिंग' म्हणतात. गणपतीच्या मांडवातला कर्णा पूर्ण आवाजावर ठेवला की गाणे, तबला आणि निवेदन सगळ्यांचा एकच खरखराट होतो, तसे हे. आवाज मोठा झाला म्हणजे बोलणे स्पष्ट झाले असे नव्हे.

'असेत्तो कोर्सा'मध्ये पेडलांची स्थिती दाखवणारी एक छोटी खिडकी पडद्यावर उघडता येते. तिच्यात बलासाठीही एक दांडी असते. साधारण वेळी ती राखाडी असते. क्लिपिंग झाले की लाल होते. माझी दांडी वळणभर लालच होती. रीत अशी : एखादी नेहमीची गाडी घ्यावी, दोन-तीन फेऱ्या माराव्यात आणि लाल रंग फक्त एखाद्या धक्क्याला क्षणभर चमकेल इतका गेन कमी करत यावा. माझ्याकडे तो पासष्ट टक्क्यांवर स्थिरावला. निरनिराळ्या गाड्यांना तो निराळा लागतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा तसाच उचलू नये. चक्र हलके लागू लागले आणि अकस्मात बोलू लागले.

दुसरी चूक : नको तेथे स्प्रिंग

लॉजिटेकच्या 'जी हब' या संगणकीय प्रणालीत 'सेंटरिंग स्प्रिंग' नावाची एक सोय आहे. जुन्या, बलप्रतिसाद नसलेल्या खेळांसाठी ती आहे. मी ती सर्व खेळांसाठी चालू करून ठेवली होती. चक्र मध्यावर आलेले बरे, या समजुतीने. याखेरीज खेळातले रस्त्याचे, कडेच्या दगडांचे आणि घसरण्याचे जे कृत्रिम कंप असतात तेही भरपूर वाढवले होते. चक्र गिरणीच्या पट्ट्यासारखे थरथरत होते.

येथे मला वेबरचा नियम आठवला. एर्न्स्ट हाइन्रिख वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये वजने उचलण्याच्या प्रयोगांवरून दाखवले, की दोन वजनांतला फरक हाताला कळणे हे त्या फरकावर नव्हे, तर मूळ वजनाच्या प्रमाणात तो किती आहे यावर अवलंबून असते. रिकाम्या पिशवीत लिंबू टाकले तर कळते. भाजीने भरलेल्या पिशवीत टाकले तर कळत नाही. स्प्रिंगचा कायमचा ओढा म्हणजे भरलेली पिशवी. तिच्यात टायरचे बारीकसे लिंबू कुठे हरवते ते समजत नाही. सेंटरिंग स्प्रिंग बंद केली आणि कृत्रिम कंप अगदी थोडे ठेवले. खरे बल स्वच्छ लागू लागल्यावर त्या कंपांची फारशी गरजच उरली नाही.

तिसरी चूक : दोन हात, दोन रस्ते

ही चूक मला सापडली नाही, अण्णांना सापडली. यंत्र बोलू लागले आहे असे मी सांगितल्यावर त्या रात्री ते खुर्ची ओढून शेजारी बसले. पडद्यावरच्या चालकाच्या हातांकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझं चक्र अर्धं फिरलं तेव्हा त्याचं जेमतेम पाव फिरलं. कोणाचं खरं धरायचं?"

जी-२९ चे चक्र ९०० अंश, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच वेळा फिरते. साध्या मोटारींचे स्टिअरिंग साधारण तेवढेच फिरते. शर्यतीच्या गाड्यांचे बरेच कमी. चक्राच्या प्रणालीत ९०० ठेवावे आणि खेळालाही ९०० असेच सांगावे, म्हणजे प्रत्येक गाडीनुसार मर्यादा खेळ स्वतः घालून घेतो. मी दोन ठिकाणी दोन आकडे भरून ठेवले होते. याची परीक्षा अण्णांनी केली तीच सर्वांत सोपी आहे : चक्र सावकाश पाव वळवावे, मग अर्धे वळवावे, पडद्यावरचे हात आपल्या हातांबरोबर फिरले पाहिजेत.

आकडे सारखे केले. मग मी म्हटले, "अण्णा, तुम्ही बघता का एकदा?"

ते लगेच उठले नाहीत. "माझे डोळे कुठे चालतात आता," म्हणाले. मी म्हटले, "हळू चालवा. कोणी समोरून येत नाही."

या खेळात इटलीतल्या त्रेंतो गावापासून माँते बोंदोने डोंगरावर चढणारा रस्ता आहे. सुमारे सतरा किलोमीटरचा घाट, खऱ्या आयुष्यातही डोंगरचढाईच्या शर्यतीसाठी प्रसिद्ध. मी तो निवडला आणि फियाटची छोटी आबार्थ ५०० गाडी दिली. स्टिअरिंग डावीकडे आहे म्हणून अण्णांनी प्रथम नाराजी नोंदवली. मग त्यांनी चक्रावर हात ठेवले. मुठी आवळल्या नाहीत. तळवे नुसते टेकवले, आणि अंगठे आत न गुंतवता कडेवर ठेवले. "अंगठा कधी आत घालू नये," ते म्हणाले. "चाक दगडावर आदळलं की स्टिअरिंग फटका मारतं. आमच्या वेळच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं. अंगठे मोडलेली माणसं मी पाहिली आहेत."

हा सल्ला खेळालाही लागू आहे, हे येथे नमूद करते. २०२१ नंतर थेट मोटारीच्या आसावर बसवलेली 'डायरेक्ट ड्राइव्ह' चक्रे सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येऊ लागली. त्यांचा जोर साधारण चार-पाच न्यूटन-मीटरपासून सुरू होतो आणि महागड्या चक्रांत वीस-पंचवीसपर्यंत किंवा त्याहूनही पुढे जातो. खेळातली गाडी भिंतीवर आदळली की असे चक्र हाताला खरी इजा करू शकते. म्हणून जोरकस यंत्रांना आणीबाणीचे बटण दिलेले असते.

अण्णांनी तो घाट तासाला तीस किलोमीटरच्या वेगाने चढला. वळणाआधी गिअर खाली, वळणात स्थिर हात, वळण सुटताना चक्र तळव्यांतून आपोआप सरळ होऊ देणे. मी चार दिवस ज्याच्याशी झोंबी खेळत होते ते चक्र त्यांच्या हाताखाली पाळीव जनावरासारखे वागत होते. एका वळणावर त्यांनी मुद्दाम वेग वाढवला, पुढची चाके किंचित घसरू दिली आणि म्हणाले, "हात ठेव. हे बघ, आता हलकं झालं. कळलं? आता अजून वळवायचं नाही. थोडं सोडायचं." माझा हात त्यांच्या हाताशेजारी होता. मला कळले. मी त्यांच्याकडून गाडीबद्दल शिकलेली ती पहिली गोष्ट.

मध्यावर चक्र जरा मेलेले वाटते, असेही त्यांनी सांगितले. तेही खरेच होते. जी-२९ मध्ये मोटारीचा जोर दंतचक्रांतून येतो. त्यांच्या घर्षणात अगदी लहान बले जिरून जातात. त्यासाठी 'मिनिमम फोर्स' ही पट्टी आहे. ती लहान बलांना घर्षण ओलांडण्यापुरती उचलून धरते. सरळ रस्त्यावर हात सोडून ती हळूहळू वाढवावी. चक्र स्वतःच डावी-उजवीकडे डोलू लागले की दोन पावले मागे यावे. आमच्याकडे ती बारा टक्क्यांवर थांबली. पट्ट्याने चालणाऱ्या चक्रांना ती कमी पुरते आणि डायरेक्ट ड्राइव्हला बहुतेक लागतच नाही.

जे चक्र देत नाही ते

हे सगळे करूनही खेळ तो खेळच. वळणावर अंग एका बाजूला रेटले जाते, ब्रेक मारताच पोटात गोळा येतो, चढावर आसन पाठीला ढकलते. यांतले टेबलाला बांधलेले चक्र काहीच देत नाही. खऱ्या चालकाला रस्ता हाताइतकाच बैठकीतूनही कळतो. आणि खेळात भीती नसते, ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. घाटात चूक झाली तर पुन्हा सुरुवातीपासून येण्याची कळ नसते. म्हणून या चक्रावर गाडी शिकता येते असे मी म्हणणार नाही. फार तर हाताला ऐकायची सवय लागते.

परंतु ऐकायची सवय ही काही लहान गोष्ट नव्हे. माझ्या तिन्ही चुका मुळात एकच होत्या. यंत्राने मोठ्याने बोलावे, सतत बोलावे, आणि माझ्या मापाने बोलावे असे मला वाटत होते. जोर कमी केला तेव्हाच मला फरक कळू लागला. आमच्या घरातही चार दिवस कोणी मोठ्याने बोलले नव्हते, आणि तरी किती बोलले गेले होते, हे मला आता समजते.

आता रोज रात्री जेवणानंतर अण्णा एकदा तो घाट चढतात. आईने टेबलावरचा तिचा इस्त्रीचा हक्क सोडलेला नाही, त्यामुळे वेळ ठरलेली आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक आंधळ्या वळणावर त्यांचा उजवा तळवा चक्राच्या मधोमध दाबला जाई आणि काहीच होत नसे. "हॉर्न कुठे आहे?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "शर्यतीत हॉर्नची काय गरज, अण्णा? समोरून कोणी येतच नाही." ते म्हणाले, "येत नाही हे तुला माहीत. वळणाला माहीत नाही." मी खेळाच्या जोडणीत जाऊन चक्रावरचे एक बटण हॉर्नला दिले. जुळणीतले ते शेवटचे काम.

गेल्या रविवारी घाट चढून झाल्यावर त्यांनी चक्र माझ्याकडे दिले आणि मी चढत असताना बाजूला बसून राहिले. पेपर हातात नव्हता. वरच्या टोकाला गाडी थांबवली तेव्हा म्हणाले, "परीक्षा कधी संपते तुझी?"

"एप्रिलअखेर."

"मग मे महिन्यात आरटीओत जाऊन येऊ. शिकाऊ परवान्याचा अर्ज भरून ठेव."

मी अर्ज भरून ठेवला आहे.

— तृतीय वर्ष कला (मानसशास्त्र)